आकडा मोठा, मांडी अधांतरी

प्रश्न : ताई, नमस्कार. दोन गाड्यांवर आमचं घोडं अडलंय. एक पेट्रोलवरची सेडान, दुसरी बॅटरीवरची उंच क्रॉसओव्हर. माहितीपत्रकात मागच्या सीटचा लेगरूम सेडानचा 890 मिलिमीटर आणि क्रॉसओव्हरचा 925 दिलाय. आम्ही सगळे दोन्हींत बसून आलो. सासूबाईंचे गुडघे दुखतात. क्रॉसओव्हरमध्ये त्या कुणाचाही हात न धरता बसल्या, सेडानमधून उठताना मात्र दोघांनी आधार द्यावा लागला. पण बराच वेळ फिरून आल्यावर त्याच म्हणाल्या, ‘उंच गाडीत मांड्या भरून आल्या, त्या बुटक्या गाडीत बसायला बरं होतं.’ माझे यजमान सहा फुटांच्या वर आहेत, सेडानमध्ये मागे त्यांचं डोकं छताला लागतं. विक्रेता म्हणतो, आकडे बघा, 35 मिलिमीटर जास्त जागा आहे. आकड्यांवर विश्वास ठेवायचा की सासूबाईंवर?

उत्तर : सासूबाईंवर. आकडे खोटे नाहीत, पण ते जे मोजतात ते तुम्हाला वाटतं त्यापेक्षा वेगळं आहे. माझी नोकरीची बरीच वर्षं सीटच्या विभागात गेली. नवी गाडी आकार घेत असताना मापाच्या पुतळ्याला सीटवर बसवायचं आणि तो कुठे, कसा टेकतो ते टिपायचं, हे माझं काम. म्हणून या विषयावर जरा सविस्तर लिहिते.

हा पुतळा म्हणजे पाठीचं एक आणि बुडाचं एक अशी दोन कवचं, मधे कमरेला बिजागर, खाली लांबी बदलता येणारे पाय. वजनं चढवली की तो सुमारे 76 किलोचा होतो. सीटवर ठेवून, दाबून, हलवून तो नीट बसला की कमरेच्या बिजागराचा जो बिंदू मिळतो त्याला एच-पॉइंट म्हणतात. अमेरिकेतल्या एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने 1960 च्या दशकात ही पद्धत ठरवून दिली आणि आजही गाडीच्या आतली बहुतेक मापं त्याच बिंदूपासून निघतात.

लेगरूम म्हणजे काय? त्या बिंदूपासून पुतळ्याच्या घोट्यापर्यंतचं तिरकं अंतर, अधिक 254 मिलिमीटर. हे 254 प्रत्येक गाडीला सारखेच मिळवलेले असतात. म्हणजे तुमच्या सेडानमध्ये कमरेपासून घोट्यापर्यंत खरे 636 मिलिमीटर आहेत आणि क्रॉसओव्हरमध्ये 671. शिवाय हे अंतर तिरकं आहे. ते पुढे किती गेलं आणि खाली किती गेलं हे त्या एका आकड्यात कुठेच दिसत नाही. मागचा लेगरूम मोजताना पुढची सीट कुठे ठेवायची, तेही त्या गाडीच्या आराखड्यात ठरलेलं असतं. तुमच्या यजमानांनी सीट कुठवर सरकवली याचा त्या मापाशी काहीही संबंध नाही.

आता तुमच्या पत्रात नसलेलं माप. मागच्या सीटच्या बैठकीची पुढची कड गाडीच्या तळापासून किती उंच आहे? टेप घेऊन जा आणि दोन्ही गाड्यांत हे मोजा. बॅटरीवरच्या बहुतेक गाड्यांत बॅटरीचा चपटा डबा तळाखाली पसरलेला असतो. त्यामुळे तळ वर येतो. सीटही तेवढीच वर घ्यावी तर छताला डोकं लागतं, मग गाडी आणखी उंच करावी लागते, हवेचा विरोध वाढतो आणि एका चार्जमध्ये कापता येणारं अंतर घटतं. म्हणून बरेचदा तळ वर येतो पण सीट त्या मानाने वर जात नाही. बाहेरून उंच दिसणाऱ्या गाडीत माणूस आत पाय जवळ घेऊन, गुडघे वर करून बसतो ते यामुळे. पोर्शेने 2019 मध्ये टायकान ही बॅटरीवरची गाडी आणली तेव्हा मागच्या प्रवाशांच्या पावलांसाठी बॅटरीच्या डब्यातच खळगे सोडले होते. आराखड्यात बॅटरीची मौल्यवान जागा पावलांना देणं सोपं नसतं, म्हणून त्या निर्णयाचं मला फार कौतुक वाटतं.

तुमच्या दोन आकड्यांवरून मी कागदावर मांडून पाहिलं. पुतळ्याच्या लांब मापाच्या पायांचा हिशेब धरला आणि क्रॉसओव्हरमध्ये सीट व तळ यांतलं अंतर सेडानपेक्षा 7 सेंटिमीटरने कमी आहे असं मानलं. 35 मिलिमीटर जादा लेगरूम असूनही मांडी सेडानपेक्षा सुमारे चार अंशांनी जास्त वर उचलली जाते. ऐकायला किरकोळ वाटेल, पण बैठकीच्या पुढच्या कडेपाशी त्याची जवळजवळ तीन सेंटिमीटर पोकळी होते. मांडी अधांतरी राहिली की वजन बसण्याच्या दोन हाडांवर एकवटतं. गुडघे बाहेर कलंडू नयेत म्हणून मांडीचे स्नायू सतत ताणलेले राहतात. कमरेखालचा हाडांचा सांगाडा मागे झुकतो आणि कंबर गोल होते. पाच मिनिटांत यातलं काही जाणवत नाही, बराच वेळ बसलं की मांड्या भरून येतात. तुमच्या सासूबाईंनी नेमकं तेच सांगितलं.

माझा अनुभव असा, की कड तळापासून 35 सेंटिमीटरच्या आसपास असेल तर बहुतेकांच्या मांड्या व्यवस्थित टेकतात. 30 च्या खाली गेली की मध्यम उंचीच्या माणसाचेही गुडघे वर येतात. मग पाय पुढे पसरता येणं हाच एक मार्ग उरतो, आणि त्यासाठी पुढच्या सीटखाली पाऊल शिरायला हवं. इथे एक गोष्ट हटकून बघा. पुढची सीट पूर्ण खाली केलेली असताना मागे बसा आणि पावलं पुढे सरकवा. उंच चालक सीट खालीच ठेवतो. विजेवर हलणाऱ्या सीटखाली मोटर आणि वायरी असतात. दाखवायच्या गाडीत पुढची सीट बहुधा वर उचललेली असते, पावलं सहज आत जातात आणि मागे ऐसपैस वाटतं. तीच सीट खाली आली की बुटाचं टोकही शिरत नाही.

म्हणून गाडीत उंची दोन असतात आणि त्या वेगवेगळ्या मोजायच्या. जमिनीपासून सीटची उंची चढ-उतार सोपी की अवघड ते ठरवते. तळापासून सीटची उंची बसणं सुखाचं की त्रासाचं ते ठरवते. तुमच्या क्रॉसओव्हरची पहिली उंची चांगली आहे, दुसरी वाईट. सेडानचं बरोबर उलटं.

चढ-उताराचंही थोडं. गुडघे दुखणारा माणूस आधी पाठमोरा होऊन बूड टेकवतो आणि मग पाय आत घेतो. उभं असताना बूड ज्या उंचीवर असतं त्याच्या थोडंच खाली सीट असेल तर गुडघ्यावर भार कमी येतो. पण सीट उंच असली तरी दाराचा उंबरा रुंद असेल तर पाय आत ओढताना मांडी उचलावी लागते, आणि उंबऱ्यापासून तळ खोल असेल तर पाऊल अडतं. सपाट तळाच्या बॅटरी गाड्या इथे मात्र बाजी मारतात. दार किती उघडतं, मागच्या चाकाची कमान दाराच्या जागेत किती घुसते, हेही बघायचं. फोर्ड कंपनीने 1990 च्या दशकात आपल्या तरुण अभियंत्यांसाठी एक पोशाख करून घेतला होता. तो घातला की गुडघे, कोपर, मान नीट वाकत नाहीत, नजर धूसर होते आणि म्हातारपणी गाडीत शिरणं कसं असतं ते कळतं. असा पोशाख प्रत्येक आराखडा-विभागात सक्तीचा हवा असं माझं प्रामाणिक मत आहे.

यजमानांच्या डोक्याबद्दल. हेडरूमचं मापही त्याच कमरेच्या बिंदूपासून, उभ्या रेषेपेक्षा 8 अंश मागे कललेल्या रेषेवर छतापर्यंत घेतात आणि त्यात 102 मिलिमीटर मिळवतात. सेडानचं छत मागे उतरतं. उंच माणूस रेलून बसला की त्याचं डोकं त्या रेषेच्याही मागे, उताराखाली जातं, आणि तिथे छत किती खाली आलंय हे आकडा सांगत नाही. सेडानला उघडणारं काचेचं छत असेल तर त्याच्या यंत्रणेत आणखी दोन-अडीच सेंटिमीटर तरी जातात. त्याच गाडीचं साध्या छताचं मॉडेल मिळत असेल तर त्यांना त्यात बसवून बघा. पण यजमान बहुतेक वेळा चालवणार असतील तर मागे त्यांचं डोकं लागतं या कारणावरून गाडी बाद करू नका.

आता मी काय करेन ते सांगते. सासूबाईंना क्रॉसओव्हरमध्ये पुढे, चालकाशेजारी बसवा. तळाखाली बॅटरी तिथेही आहे, पण पुढची सीट उंच करता आली तर तळापासूनची उंची वाढते, मांड्या टेकतात आणि चढणं-उतरणंही सोपं राहतं. फक्त एक खात्री करा. सीट उंच करायची सोय चालकाला असते, शेजारच्या सीटला पुष्कळदा दिलेलीच नसते. तुम्ही घेणार त्या मॉडेलमध्ये ती असेल तर क्रॉसओव्हर घ्या. नसेल, किंवा सासूबाईंना मागेच बसायला आवडत असेल आणि तुमचे प्रवास लांबचे असतील, तर मी सेडान घेईन आणि उठताना त्यांना हात देईन. आधाराची गरज उतरण्यापुरती असते, पण अधांतरी मांडी सगळा प्रवासभर सोसावी लागते.

अंतिम निर्णयाच्या दिवशी यजमानांनी चालकाची सीट स्वतःला हवी तशी लावावी आणि मग उतरून स्वतःच्याच मागे बसावं. त्यानंतर ती सीट न हलवता तुमच्यातल्या प्रत्येकाने तिथे बसावं.

प्रश्न : माझं काम फिरतीचं. दोन तास चालवलं की कंबर धरते. एकाच किमतीच्या दोन गाड्या बघतोय. एकीची सीट इतकी मऊ की उठावंसं वाटत नाही. दुसरीची कडक, बसताक्षणी नापसंत. मित्र म्हणतो कडकच घे. खरं काय?

उत्तर : मित्राचा कल बरोबर आहे, कारण मात्र कडकपणाच्या पलीकडचं आहे.

फोमची घनता आणि फोमचा कडकपणा हे दोन निराळे गुण आहेत. दाट फोमही मऊ असू शकतो आणि विरळ फोमही कडक. सीट किती वर्षं आकार धरून राहील हे मुख्यतः घनतेवर अवलंबून असतं. बोटाने दाबून घनता कळत नाही, कळतो तो फक्त वरचा मऊपणा. मऊ आणि विरळ फोम पहिल्या मिनिटात छान वाटतो, पण वजनाखाली दबत दबत तो संपला की बसण्याची हाडं खालच्या पत्र्याच्या किंवा स्प्रिंगच्या जवळ जातात. म्हणून मऊ सीटवर किमान अर्धा तास न उठता बसा. मग बुडाखाली हात सरकवून बघा. खाली फोम उरलाय की टणक काही लागतंय? टणक लागलं तर ती सीट तुमच्यासाठी नाही.

मऊ सीटचा दुसरा दोष म्हणजे ती हलू देत नाही. शरीर खोल रुतलं की माणूस त्याच एका आकारात अडकतो. पाठीला लहान लहान हालचाली हव्या असतात. मणक्यांमधल्या चकत्यांचं पोषण त्या दाबल्या-सुटल्या की होतं. थोडी टणक सीट असली की आपण नकळत कूस बदलत राहतो.

कंबर धरण्याचं मूळ मात्र बहुतेक वेळा पाठटेकीत असतं. स्वीडनमध्ये आल्फ नाखेमसन, गुन्नार अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960 आणि 70 च्या दशकांत माणसाच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून प्रत्यक्ष दाब मोजला. आधाराशिवाय ताठ बसल्यावर हा दाब उभं राहण्यापेक्षा जास्त निघाला. पाठटेक मागे कलवली की तो घटला, आणि कमरेच्या पोकळीत आधार दिला की आणखी घटला. आज सीटमध्ये कमरेपाशी जो फुगवटा असतो त्यामागे या कामाचा मोठा वाटा आहे. दोन्ही गाड्यांत हा फुगवटा तुमच्या कमरेच्या पोकळीत नेमका येतो का ते बघा. साधारण पँटच्या पट्ट्याच्या रेषेवर किंवा जरा वर तो हवा. काही गाड्यांत तो फक्त पुढे-मागे होतो. तुमची उंची सरासरीपेक्षा बरीच कमी किंवा जास्त असेल तर तो चुकीच्या जागी टोचतो आणि नसलेला बरा वाटतो. वर-खालीही होणारा मिळाला तर त्यासाठी मी दुसऱ्या कुठल्याही चैनीवर पाणी सोडेन. मोठा पडदा, रंगीत दिवे, काही नको.

बैठकीची लांबी आठवणीने बघा. पूर्ण मागे सरकून बसल्यावर गुडघ्याच्या घडीत आणि सीटच्या कडेत दोन-तीन बोटं अंतर राहायला हवं. त्याहून जास्त राहिलं तर मांडीला आधार कमी पडतो. काहीच राहिलं नाही तर कड पोटरीला रुतते, पाय बधिर होतात, आणि माणूस पुढे सरकून बसतो. पुढे सरकला की पाठ टेकीपासून सुटते, मग कमरेचा फुगवटा कितीही चांगला असो, त्याचा उपयोग नाही. बुटक्या चालकांच्या कंबरदुखीमागे मला हे कारण वारंवार दिसलं आहे. त्यांना कंबरेचे व्यायाम सांगितले जातात, सीटच्या लांबीबद्दल कुणी विचारत नाही.

आणखी एक, जे थांबलेल्या गाडीत कधीच कळत नाही. उभ्या दिशेने येणाऱ्या हादऱ्यांपैकी सेकंदाला 4 ते 8 वेळा होणारे हादरे माणसाच्या धडाला सगळ्यात जास्त बाधतात. आयएसओ 2631 हे मानक याच विषयावर आहे आणि 1974 पासून आहे. अडचण अशी की फोमची साधी सीट सेकंदाला चारच्या आसपासच्या हादऱ्यांना शमवण्याऐवजी वाढवते. म्हणजे सस्पेन्शन जे आत येऊ देतं त्यात सीट भर घालते. म्हणून चाचणीची फेरी गुळगुळीत रस्त्यावर घेऊन उपयोग नाही. खडबडीत, जोडांचा रस्ता शोधा, मध्यम वेगाने जा आणि पोटात, कमरेत काय होतंय तिकडे लक्ष द्या. मऊ सीटवर शरीर उसळत राहत असेल तर दोन तासांनी कंबर धरणारच.

सीट उत्तम असली तरी मधून मधून उतरून चार पावलं चालायला हवं. आणि दुखणं पायात उतरत असेल, बधिरपणा असेल, तर गाडीचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : मागे दोन लहान मुलांच्या सुरक्षा-सीट आणि मधे मी, असं बसता येईल अशी गाडी हवी. दोन गाड्यांत खांद्यांपाशीची रुंदी 137 आणि 141 सेंटिमीटर आहे. 4 सेंटिमीटरने फरक पडेल?

उत्तर : त्या 4 सेंटिमीटरने फारसा नाही. ती रुंदी खांद्याच्या उंचीवर, एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंतची आहे. तुम्हाला लागणार आहे ती खाली, कमरेच्या उंचीवर, दोन सुरक्षा-सीटच्या मधे उरणारी जागा. आयसोफिक्सच्या, म्हणजे मुलांची सीट गाडीला अडकवायच्या, लोखंडी कड्या एकमेकींपासून 280 मिलिमीटरवर असतात हे ठरलेलं आहे. पण ती जोडी दारापासून किती आत बसवायची हे प्रत्येक गाडीत निराळं. एखाद्या रुंद गाडीत कड्या आतल्या बाजूला असतील तर मधे उरलेली जागा अरुंद गाडीपेक्षा कमी भरते. मुलांच्या सीट घेऊनच गाडी बघायला जा, दोन्ही बसवा आणि मग मधे शिरा. पट्टा लावून बघा. पट्ट्याचं कुलूप सुरक्षा-सीटखाली दबलं असेल तर ती गाडी नकोच.

मधली जागा खरी सीट आहे की नुसता उंचवटा, तेही बघा. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांत ती ताकद मागे नेणाऱ्या दांड्यासाठी तळाला मधोमध बोगदा असतो. पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्यांतही तो पुष्कळदा राहतो, कधी धुराच्या नळीसाठी, कधी तळाच्या मजबुतीसाठी. दोन्ही पाय एका बाजूला घेऊन बसावं लागलं की कंबर पिळवटते.

तिघांना नीट शेजारी बसवायचं तर रुंदीच लागते. फियाटने 1998 मध्ये मल्टिप्ला आणली, लांबी चार मीटरच्या आत आणि रुंदी 1.87 मीटर. दोन रांगांत तीन-तीन पूर्ण सीट. तिच्या रूपाला लोकांनी खूप नावं ठेवली. मला ती आतून फार समजूतदारपणे आखलेली गाडी वाटते.

प्रश्न : दोन गाड्यांची लांबी जवळपास सारखी, तरी एकीत मागे पाय पसरता येतात आणि दुसरीत गुडघे पुढच्या सीटला लागतात. असं कसं?

उत्तर : एकूण लांबीपेक्षा पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर जास्त बोलतं, आणि त्याहूनही जास्त बोलतं ते इंजिन, टाकी, चाकं यांनी आत किती जागा खाल्ली ते. फोक्सवॅगन गोल्फची सातवी पिढी आणि स्कोडा ऑक्टाव्हियाची तिसरी पिढी एकाच पायाभूत सांगाड्यावर बेतलेल्या आहेत. ऑक्टाव्हियात चाकांमधलं अंतर सुमारे 5 सेंटिमीटरने वाढवलं आणि त्याचा फायदा मुख्यतः मागच्या गुडघ्यांना झाला.

होंडाने 2001 मध्ये जॅझ आणली तेव्हा इंधनाची टाकी मागच्या सीटखालून काढून पुढच्या सीटखाली नेली. मागची बैठक त्यामुळे मोकळी झाली, ती उभी दुमडता येऊ लागली आणि छोट्या गाडीत उंच झाडाची कुंडीही मावू लागली.

या सगळ्यांचा पूर्वज म्हणजे 1959 ची मिनी. तिचे रचनाकार ॲलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवं ठेवलं, गिअरबॉक्स त्याच्याच खाली तेलाच्या भांड्यात बसवला आणि चाकं 10 इंचांची घेतली. जेमतेम तीन मीटरच्या गाडीत चार प्रौढ माणसं बसली. त्यातली माझी आवडती गोष्ट दारांची आहे. काचा खाली न उतरता आडव्या सरकायच्या, त्यामुळे दार पोकळ ठेवता आलं आणि कोपराला जागा मिळाली. आजच्या दारात काच, मोटर, स्पीकर आणि धडकेपासून वाचवणारी पोलादी दांडी असते, म्हणून दारं जाड झाली. ती दांडी हवीच, त्याबद्दल तक्रार नाही. पण हात ठेवायच्या जागी दाराला खोलगट आकार दिला आहे का, हे मी प्रत्येक गाडीत आधी बघते. कोपर अवघडलं की लगेच गाडी अरुंद वाटते.

प्रश्न : नव्या गाडीतलं हेडरेस्ट मान पुढे ढकलतं. जुन्या गाडीत असं नव्हतं. ते काढून ठेवलं किंवा उलटं लावलं तर चालेल का?

उत्तर : नाही, दोन्ही करू नका. मागून धडक बसली की धड सीटबरोबर पुढे जातं आणि डोकं मागे राहतं. मानेला इजा होते ती त्या क्षणी. डोकं आणि हेडरेस्ट यांत जितकं कमी अंतर तितकं डोकं लवकर सावरलं जातं. म्हणून अमेरिकेच्या नियमात पुढच्या सीटच्या हेडरेस्टसाठी हे अंतर 55 मिलिमीटरपेक्षा जास्त असू नये असं ठरवून दिलं. युरोपात मानेच्या इजेची चाचणी सुरू झाल्यावर हेडरेस्ट पुढे आणण्याचा कल आणखी वाढला. तुमच्या जुन्या गाडीतलं सुखद वाटणारं अंतर मानेसाठी धोक्याचं होतं.

तक्रार मात्र खरी आहे, आणि तिच्यावर उपाय बहुधा पाठटेकीत सापडतो. ही मापं घेताना पुतळ्याची पाठ साधारण 25 अंश मागे कललेली धरतात. तुम्ही त्यापेक्षा ताठ बसत असाल तर हेडरेस्ट पुढे येऊन डोक्याला टेकतंच. पाठटेक दोन-तीन खाचा मागे घ्या, स्टिअरिंग स्वतःकडे ओढा, सीट थोडी उंच करा. हेडरेस्टचा माथा तुमच्या डोक्याच्या माथ्याइतका वर आणा. खाली ठेवलं तर फुगीर भाग मानेत घुसतो, आणि निम्म्या तक्रारी त्यामुळेच असतात. एवढं करूनही ढकलत असेल तर त्याच मॉडेलमध्ये पुढे-मागे सरकणारं हेडरेस्ट मिळतं का ते सेवा केंद्रात विचारा. कमरेमागे उशी घेऊन डोकं पुढे आणण्याचा उपाय करू नका, त्याने पट्टा पोटावर सरकतो.